गुडगुडीचा विस्तव

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर घर धुऊन काढताना माळाही रिकामा केला, तेव्हा जुन्या पोत्यात गुंडाळलेली आजोबांची गुडगुडी हाती लागली. पितळेचं पोट हिरवं पडलेलं, शिसवी नळीला चीर गेलेली, चिलमीचा एक टवका उडालेला. आजोबा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, त्यामुळे ती पेटलेली पाहिल्याचं मला आठवत नाही. पुसूनपासून मी ती ओट्यावर ठेवली. आत्या पूर म्हणून आमच्याकडेच राहायला आली होती. ७८ वर्षांची आत्या ती बघून ‘ही आबांची’ असं काही म्हणाली नाही. म्हणाली, “हिचा विस्तव मी करायची.”

त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहिला जातो आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये २६ वर्षं काढली, आणि जे वाचलं ते पाळ्या संपल्यावर, जिल्ह्याच्या ग्रंथालयात बसून. पण आगीशी माझी ओळख आहे. हुक्क्यावर जे जे मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट खटकली. पुस्तकांत हुक्क्याची भांडी आहेत, त्यांवरचं नक्षीकाम आहे, ओढणारे नवाब आहेत. आग मात्र कुठेच नाही. जणू चिलमीवर निखारे आपोआप येऊन बसत होते आणि आपोआप हवे तेवढेच तापत होते.

विजापूरहून आग्र्याला

तंबाखू पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये मुरली. उत्तरेत मुघल दरबाराला ती ठाऊक झाली ती दख्खनमुळेच. अकबराचा दूत असद बेग विजापूरच्या आदिलशाहीत गेला होता. १६०४ च्या सुमारास परतताना त्याने बरोबर तंबाखू नेली आणि बादशहाला नजर केली. हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, वाद झाला. अकबर स्वतः पुढे तंबाखूच्या वाटेला गेला नाही, पण सरदारांना गोडी लागली. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली, तिचाही उपयोग झाला नाही.

असद बेगाने नेलेली वस्तू हुक्का नव्हती, लांब दांड्याची जडावाची चिलीम होती. पण तिच्या वर्णनात एक तपशील आहे, जो मी दोनदा वाचला. दांडा कुठला, तोंडाशी कोणता दगड हे सांगताना तो एका सोन्याच्या अग्निपात्राचाही उल्लेख करतो. चिलीम पेटवण्यासाठीचं वेगळं पात्र, तेही सोन्याचं! म्हणजे बादशहासमोर तंबाखू पहिल्यांदा गेली तेव्हा तिची आगही मानाने, स्वतःच्या भांड्यात बसून गेली होती.

त्यानंतर मात्र सगळा मान पाण्याने घेतला. अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानी याने धूर पाण्यातून नेऊन ‘शुद्ध’ करण्याची युक्ती काढली आणि हुक्का जन्मला, अशी कथा सर्वत्र वाचायला मिळते. तारखा मात्र तिच्या आड येतात. हकीम १५८९ मध्ये वारला. असद बेगाने आणलेली चिलीम त्यानंतर पंधरा वर्षांनी दरबारात नवलाची ठरली. तरीही ही कथा टिकली, कारण ती ऐकायला बरी वाटते. धुरातलं वाईट ते पाण्यात राहतं, चांगलं तेवढं माणसाला मिळतं, असा दिलासा तिच्यात आहे. या दिलाशाकडे पुढे परत यावं लागेल.

पाण्याचं पात्र आधी साध्या नारळाचं असे. अरब-तुर्की मुलखात हुक्क्याला ‘नर्गिले’ म्हणतात, तो शब्द फारसी ‘नारगील’वरून, म्हणजे आपल्याच ‘नारिकेला’वरून आला आहे. पुढे नारळाच्या जागी काच, चांदी, बिदरी काम आलं. बिदरच्या कारागिरांनी घडवलेली हुक्क्याची पात्रं आज हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात पाहायला मिळतात. काळ्या धातूवर चांदीची फुलं इतकी नाजूक, की समोरून हलवत नाही. पण ती पात्रं म्हणजे हुक्क्याचं पोट. हुक्का चालतो तो डोक्यावर.

अंतर राखण्याची कला

चिलमीत काय घडतं ते सोप्या शब्दांत सांगतो. सिगारेट किंवा विडीत तंबाखू स्वतः जळते. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाशी तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. हुक्क्यातली तंबाखू जळू द्यायचीच नसते. आमच्याकडे निपाणीच्या बाजूची तंबाखू काकवीत मळून तिचा गोळा करत, त्याला गुडाखू म्हणत. असा ओलसर, चिकट गोळा पेटवला तर नुसता करपतो. तो भाजायचा असतो, म्हणजे त्यातला ओलावा, गोडवा आणि वास वाफेबरोबर सुटेल इतकाच तापवायचा. आजच्या हुक्क्याच्या मिश्रणात काकवीच्या जागी साखरेचा पाक आणि ग्लिसरीन असतं. ग्लिसरीन २९० अंशांना उकळतं. त्याच्या पुष्कळ वर गेलं की मिश्रण करपून कडू होतं, पुष्कळ खाली राहिलं की धूरच येत नाही.

आणि वर ठेवायचा तो निखारा किती तापलेला? बॉयलरवर आम्ही आगीचा रंग बघून अंदाज घेत असू. काळपट लाल म्हणजे सहाशेच्या आसपास, केशरी म्हणजे नऊशेकडे. म्हणजे केशरी निखारा आणि त्याच्या खाली बोटभर अंतरावर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच उष्णता मागणारा गोळा. हुक्क्याची सगळी अडचण या बोटभर अंतरात आहे.

ती सोडवायला माणसाने तीन गोष्टी वापरल्या. पहिली, मधली चकती. चिलमीत गुडाखूवर मातीची किंवा धातूची पातळ चकती ठेवत, तिला उत्तरेत तवा म्हणतात. निखारे तव्यावर, तंबाखू तव्याखाली. तवा तापायला वेळ लागतो, तसा निवायलाही लागतो. त्यामुळे झुरक्यागणिक भडकणाऱ्या आणि विझू बघणाऱ्या निखाऱ्याची आच खाली एकसारखी पोचते. आजचा भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा कागद तव्याचंच काम करतो, फक्त तो फार पातळ आहे. उष्णता साठवून धरत नाही, म्हणून निखारे सारखे सरकवावे लागतात.

दुसरी, राख. निखाऱ्यावर पांढरी राख धरली की ती गोधडीसारखी काम करते. आतली धग आत ठेवते आणि बाहेरची हवा कमी पोचू देते. राख झाडली की निखारा फुलतो, धरू दिली की पेंगतो.

तिसरी, झाकण. उंची हुक्क्यांवर जाळीदार धातूची टोपी असते, तिला सरपोश म्हणतात. संग्रहालयात तो दागिना वाटतो, कारण त्याला बारीक साखळ्या आणि घुंगरू असतात. त्याचं खरं काम असं की वाऱ्याने निखारा भडकू नये, धग चिलमीभोवती राहावी आणि ठिणगी उडून गालिच्यावर पडू नये.

कोळसाही कसलाही चालत नाही. अर्धवट जळलेल्या, सालीसकटच्या कोळशाला वास येतो आणि तो तडतडतो. म्हणून कोळशाची पूड भाताच्या पेजेत मळून टिकिया वळत आणि उन्हात वाळवत. टिकिया एकसारखी पेटते, फुटत नाही. आज बाजारात मिळणारे करवंटीच्या कोळशाचे ठोकळे ही तिचीच पुढची पिढी. झटकन पेटणाऱ्या चकत्यांत सोऱ्यासारखं ज्वलनाला मदत करणारं द्रव्य घातलेलं असतं. ते पूर्ण जळेपर्यंत थांबलं नाही, तर त्याचा धूर तसाच छातीत जातो.

विस्तव करणारी मुलगी

हे सगळं मी वाचून आणि ताडून लिहिलं. आत्याला मात्र ते नवव्या वर्षी येत होतं.

“चुलीतला कुठलाही निखारा उचलायचा नाही,” ती सांगू लागली. “बाभळीचा घ्यायचा. फोडून बघायचा. पोट काळं असलं तर परत चुलीत. आतबाहेर लाल झाला, धूर सरला, की राखेत घोळवून करवंटीत ठेवायचा आणि सोप्यात न्यायचा.”

“मग सरळ चिलमीवर?”

“सरळ नाही रे. कडेकडेनं तीन मांडायचे, मध्ये जागा सोडायची. मध्येच ठेवलास तर वरची करपते आणि खालची कच्ची राहते. पहिली आच ओसरली, की मग एक मध्ये आणायचा.”

बॉयलरच्या भट्टीतही आम्ही हेच करायचो. आगीचा थर सगळीकडे सारखा पसरायचा, एका जागी ढीग होऊ द्यायचा नाही. मला ते शिकायला एक उस्ताद आणि दोन हंगाम लागले होते.

आत्या दाराआड बसून कान आणि नाक वापरत असे. काकवी भाजल्याचा वास आला की ठीक. तो कडवट झाला की एक निखारा उचलायचा. गुडगुड संथ असली की आबांचं बोलणं चालू आहे, निखाऱ्यावर राख चढत असणार, जाऊन हलक्या हाताने झाडायची. गुडगुड भरभर होऊ लागली की झुरके जोरात चाललेत, निखारे भडकणार. “आबा रागात असले की आपणहून एक काढून घ्यायचा,” ती म्हणाली. “रागात तंबाखू जळायची, आणि जळली की बोलणी मला.”

एकदा बाहेरगावचे पाहुणे आले होते. अंगणातून जाताना वाऱ्याने करवंटीतला निखारा उडाला आणि सोप्याच्या उंबऱ्याशी, पाहुण्यांच्या चपलांजवळ पडला. चिमटा चुलीपाशी राहिला होता. तिने तो हाताने उचलला. उजव्या तळव्यावरचा डाग तिने मला दाखवला. इतकी वर्षं मी तो भाकरी भाजतानाचा समजत होतो.

दोन घरांत हाडवैर असलं की ‘त्यांच्यातून विस्तवही जात नाही’ असं आपण म्हणतो. काडेपेटी जपून वापरायच्या काळात विस्तव शेजारून मागून आणायची वस्तू होती आणि तो आणायला घरातली बाई किंवा पोर जाई. म्हण राहिली. आणणारीचं नाव कुठे राहत नाही.

दरबारात या कामाला माणूस नेमलेला असे, हुक्काबरदार, म्हणजे हुक्का वाहणारा. नावात हुक्का असला तरी त्याचा दिवस विस्तवात जाई. टिकिया वळणं, पेटवणं, चिलीम भरणं, धनी बोलत असताना मागे उभं राहून राख बघणं. कलकत्त्यात कंपनीचे साहेब या माणसावर इतके अवलंबून होते, की वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या पत्नीने १७७९ मध्ये धाडलेल्या एका निमंत्रणात पाहुण्याने हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये अशी विनंती आहे. गाण्याच्या मैफलीला आणि जेवणाला बाकी कुणी नसलं तरी चालेल, पण विस्तव सांभाळणारा हवा. हुक्का एकट्याने ओढायची गोष्ट कधीच नव्हती. ओढणारा एक आणि विस्तव राखणारा एक, अशी ती दोघांची होती. लघुचित्रांत दोघेही दिसतात. चित्राला नाव मात्र एकाचंच असतं.

पाण्याचं श्रेय

आता त्या दिलाशाकडे वळतो. आत्या सांगत होती, की पावसाळ्यात दारं लावून घेत, तेव्हा विस्तवाशेजारी बसून तिचं डोकं उठायचं. कधी उलटीसारखं व्हायचं. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. अंगणात नेऊन काढायची म्हणून मग बरंही वाटायचं.

हे ऐकून मी गप्प झालो, कारण कारखान्यातली सुरक्षेची पहिली शिकवणी मला आठवली. कोळशाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पेटत्या कोळशावर कधी कधी निळी ज्योत नाचते, ती हाच वायू जळत असल्याची खूण. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ आणि भोवळ ही त्याची पहिली लक्षणं, आणि मोकळ्या हवेत आलं की माणसाला हळूहळू बरं वाटू लागतं.

चुलीत हा वायू निदान वर जातो. हुक्क्याची रचना उलटी आहे. झुरका घेतला की हवा निखाऱ्यावरून खाली येते, तंबाखूतून जाते, नळीने पाण्यात उतरते आणि तोंडात येते. निखाऱ्याचा श्वास सरळ ओढणाऱ्याच्या छातीत. हुक्क्याच्या धुरातला बहुतेक कार्बन मोनॉक्साइड तंबाखूचा नसतो, कोळशाचा असतो. पाणी त्याला अडवत नाही, कारण तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पाणी धूर थंड करतं. थंड धूर घशाला लागत नाही, म्हणून माणूस लांब झुरके घेतो आणि खूप वेळ बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या टिपणात म्हटलं आहे, की तासाभराच्या बैठकीत हुक्का ओढणारा एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत घेऊ शकतो. हकिमाच्या कथेतलं ‘शुद्ध’ पाणी म्हणजे एवढंच.

उष्णता आवरता येते. तवा, राख, सरपोश, टिकिया, सरावाचा हात, हे सगळं त्यासाठीच आहे आणि ते उत्तम काम करतं. पण विस्तव कितीही निगुतीने राखला, तरी त्याचा वायू आवरता येत नाही. उलट चांगली जमलेली चिलीम माणसाला जास्त वेळ बसवते. आणि चिलमीपाशी वाकून फुंकणाऱ्याला तो वायू एकही झुरका न घेता मिळतो.

एकटा सोडलेला विस्तव

शहरांत हुक्का परत आला तो पार्लरमधून. काचेची पात्रं, फळांचे वास, विजेच्या तापत्या तारेवर लाल केलेले ठोकळे. निखारे मांडणारा पोरगा तिथेही असतो, पण त्याच्याकडे एका चिलमीऐवजी वीस टेबलं असतात. निखारा ठेवायचा आणि पुढे जायचं. सरपोश बहुधा नसतो.

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. चौदा माणसं गेली. हुक्क्याच्या उडालेल्या निखाऱ्यांनी पडद्यांनी पेट घेतला असावा, असं अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आलं. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. त्या आगीत दोष अनेकांचे होते, आणि त्यांची यादी करायची ही जागा नाही. मला एवढंच दिसतं, की ज्या वस्तूच्या आगीसाठी एक अख्खा माणूस लागायचा, तिथला माणूस आपण काढून घेतला आणि आग तेवढी ठेवली.

शेवटी माझी स्वतःची चूक सांगतो. लेखासाठी म्हणून दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, मी ती गुडगुडी एकदा चालवून पाहिली. तवा जमवला, काकवी आणली, आत्याने सांगितले तसे तीन निखारे कडेने मांडले. पावसाची झड आत येत होती म्हणून खिडक्या लावल्या. झुरके घेतले ते सहा-सात, पण रंग आणि राख बघत, वहीत टिपणं करत तासभर तिथेच बसलो. आच अगदी हवी तशी लागली, काकवीचा वासही आला, आणि मला मनातून फार आनंद झाला. उठायला गेलो तर पाय लटपटले. बायकोने खिडक्या उघडल्या आणि मला हाताला धरून अंगणात आणलं. सगळं वाचलेलं, सगळं ठाऊक असलेलं, आणि तरीही.

आत्याला रात्री फोन करून सांगितलं. मला वाटलं, रागावेल किंवा कसं वाटतंय विचारेल. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “विस्तव विझवलास ना?”

फोन तसाच ठेवून मी बघायला गेलो. चिलमीवर तीनही निखारे राखेखाली अजून लाल होते.